चिन्हाशिवाय अद्भुत नाही

मध्यंतरी एका वादसभेला गेलो होतो. विषय होता 'चमत्कार घडतात का?' आणि निमित्त होतं रोगमुक्तीच्या एका प्रार्थनासभेच्या फलकाचं. व्यासपीठावर एका बाजूला धर्मोपदेशक, दुसऱ्या बाजूला विवेकवादी कार्यकर्ते. उपदेशकांचं म्हणणं असं, की बायबलात चमत्कार सांगितले आहेत, ते खरोखर घडले, म्हणून येशू हा देवाचा पुत्र. कार्यकर्त्यांचं म्हणणं, चमत्कार म्हणजे निसर्गनियमाचा भंग, असा भंग होत नसतो, म्हणून हे सगळं भाकड. दोघांनाही आपापल्या माणसांच्या टाळ्या मिळाल्या. दोन तास ही खडाजंगी ऐकताना मला मात्र राहून राहून वाटत होतं, की हे दोघे एका गोष्टीवर शंभर टक्के सहमत आहेत. चमत्कार म्हणजे निसर्गनियम मोडणारी घटना आणि अशी घटना हाच श्रद्धेचा पुरावा, हे दोघांनीही न तपासता मान्य केलेलं होतं. भांडण फक्त पुरावा खरा की खोटा एवढ्याचंच होतं.

ज्या ग्रंथावरून हे भांडण चाललं होतं त्या ग्रंथाला ही व्याख्याच मान्य नाही, असं माझं म्हणणं आहे. नव्या करारातला, म्हणजे बायबलच्या येशूविषयीच्या दुसऱ्या भागातला, मूळ ग्रीक शब्द आहे 'तेरास', अनेकवचनी 'तेराता'. मराठी बायबलात त्याचं 'अद्भुत', 'अद्भुते' होतं. त्याचा अर्थ 'निसर्गनियमभंग' असा नाही. अंगावर काटा आणणारी, नेहमीची घडी विस्कटून टाकणारी आणि 'याचा अर्थ काय?' असं विचारायला लावणारी घटना म्हणजे तेरास. तिच्यात धक्का असतो, अर्थ नसतो. अर्थ बाहेरून लावावा लागतो आणि तो चुकूही शकतो.

आधी ग्रंथातच पाहू. नव्या करारात हा शब्द सोळा वेळा येतो. सोळाही वेळा अनेकवचनात, आणि सोळाही वेळा 'सेमेइआ', म्हणजे 'चिन्हे', या शब्दाच्या सोबतीने. एकटा एकदाही नाही. ओरिजेन या तिसऱ्या शतकातल्या भाष्यकाराच्याही हे नजरेत आलं होतं. योगायोग म्हणून सोडून द्यावं, तर 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकातला एक पुरावा आड येतो. येशूचा शिष्य पेत्र आपल्या पहिल्या भाषणात योएल संदेष्ट्याचं वचन सांगतो. मूळ योएलमध्ये आकाशात आणि पृथ्वीवर 'अद्भुते' दाखवीन, एवढंच आहे. पेत्राच्या तोंडी ते 'वर आकाशात अद्भुते आणि खाली पृथ्वीवर चिन्हे' असं होतं. मुळात नसलेला 'चिन्हे' हा शब्द मुद्दाम घातलेला आहे. तेरास एकटा फिरू लागला तर घात करतो, याची लिहिणाऱ्याला जाणीव असल्याखेरीज ही भर कशाला पडेल?

चारही शुभवर्तमानं, म्हणजे येशूची चार चरित्रं, मिळून तर हा शब्द फक्त तीनदा आलाय, आणि या तीनपैकी एकाही ठिकाणी तो येशूच्या एखाद्या कृत्याचं वर्णन करत नाही. मत्तय आणि मार्क यांच्याकडे तो खोट्या ख्रिस्तांबद्दल आणि खोट्या संदेष्ट्यांबद्दल येतो: ते मोठी चिन्हे व अद्भुते दाखवतील, तेव्हा सांभाळा. योहानात तो एकदाच येतो, येशूच्याच तोंडून आणि तक्रारीच्या सुरात: तुम्ही चिन्हे व अद्भुते पाहिल्यावाचून विश्वास ठेवणारच नाही. लूकच्या शुभवर्तमानात तो नाहीच. पुढे थेस्सलनीकाकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात सैतानाच्या जोरावर येणाऱ्या 'खोट्या अद्भुतां'चा उल्लेख आहे. ज्या शब्दाच्या आधारावर आमच्या सभेतले उपदेशक आपली सगळी श्रद्धा उभी करू पाहत होते, त्याच्याकडे त्यांचाच ग्रंथ इतक्या संशयाने बघतो. अर्थात, नाण्याची दुसरी बाजू लपवणार नाही. सोळांपैकी नऊ वेळा हा शब्द 'प्रेषितांची कृत्ये'मध्ये आहे आणि तिथे तो बहुतेक ठिकाणी कौतुकानेच वापरलेला आहे. योएलचं वचन सांगितलं त्याच भाषणात पेत्र येशूबद्दलही 'महत्कृत्ये, अद्भुते व चिन्हे' असं म्हणतो. म्हणजे तेरास हा वाईट शब्द नाही. तो कुठल्याही बाजूचा साक्षीदार होऊ शकतो, इतकंच. आणि दोन्ही पक्षांकडून बोलणाऱ्या साक्षीदाराच्या भरवशावर कुणी खटला लढवतं का?

ही जोडी आली कुठून? हिब्रूतून. 'ओथ' (चिन्ह) आणि 'मोफेथ' (अद्भुत) हे शब्द जुन्या करारात मिसरातून, म्हणजे इजिप्तमधून, इस्राएलच्या सुटकेच्या संदर्भात पुन्हा पुन्हा एकत्र येतात. ख्रिस्तपूर्व काळात ज्यू पंडितांनी जो ग्रीक अनुवाद केला, ज्याला सेप्टुआजिंट म्हणतात, त्यात त्यांचे 'सेमेइओन' आणि 'तेरास' झाले. हा 'मोफेथ' नेमका कशाला म्हणतात ते पाहिलं की व्यासपीठावरची व्याख्या कोसळते. यशया संदेष्टा तीन वर्षं उघडा आणि अनवाणी फिरला, ते मिसर आणि कूश देशांविषयीचं चिन्ह आणि मोफेथ होतं. यहेज्केल या दुसऱ्या संदेष्ट्याने पाठीवर बोचकं घेतलं, सगळ्यांसमोर भिंतीला भोक पाडलं आणि अंधारात त्यातून बाहेर पडला. तो स्वतःच इस्राएलसाठी मोफेथ होता, आणि ग्रीक अनुवादात तिथे 'तेरास' हाच शब्द आहे. भिंत फोडून बाहेर पडण्यात निसर्गाचा कोणता नियम मोडतो? घराचा मोडेल फार तर. विक्षिप्त, लाजिरवाणं, डोळ्यांत खुपणारं काहीतरी होतं, आणि त्याला अर्थ होता. शब्दाला एवढं पुरतं.

उलट बाजूने जुन्या करारातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाचा तेरावा अध्याय वाचावा. एखादा संदेष्टा चिन्ह किंवा अद्भुत सांगेल, ते खरं होईलसुद्धा, पण तो जर म्हणाला की चला, दुसऱ्या देवांची सेवा करू, तर त्याचं ऐकू नका. अद्भुत खरं झालं तरी माणूस खोटा ठरू शकतो, असं इथे धर्मशास्त्रच सांगतं. मग 'घडलं, म्हणून खरं' हे उपदेशकांचं तर्कशास्त्र कुठून आलं? आणि 'घडलं नाही, म्हणून खोटं' हे कार्यकर्त्यांचं तर्कशास्त्र तरी कुणाविरुद्ध आहे?

इथे एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. शब्दाचा जुना इतिहास म्हणजे त्याचा अर्थ नव्हे. जेम्स बार या बायबल-पंडिताने १९६१ मध्ये बायबलच्या अभ्यासकांना याच चुकीवरून झोडपलं होतं: व्युत्पत्ती खणायची, आपल्याला हवा तो अर्थ काढायचा आणि तो पहिल्या शतकातल्या कोळ्याच्या तोंडात घालायचा. आक्षेप मला मान्य आहे. ग्रीक कवी होमरच्या काव्यात ट्रॉयवर निघालेल्या ग्रीक सैन्यासमोर ऑलिस बंदरावर साप झाडावर चढतो, आठ पिल्लं आणि त्यांची आई अशा नऊ चिमण्या गिळतो आणि दगड होऊन पडतो. त्याला तिथे 'मोठा तेरास' म्हटलं आहे आणि कालखास हा ज्योतिषी 'नऊ वर्षं लढाल, दहाव्या वर्षी नगर पडेल' असा अर्थ सांगतो. ॲरिस्टॉटल हाच शब्द दोन डोक्यांच्या किंवा जास्त अवयवांच्या पिल्लांसाठी वापरतो आणि बजावतो, की हे निसर्गाविरुद्ध असलं तरी सगळ्या निसर्गाविरुद्ध नव्हे, बहुतेक वेळा जे घडतं त्याच्याविरुद्ध. (केस आणि दात असलेल्या गाठीला आपले डॉक्टर 'टेराटोमा' म्हणतात, ते याच घराण्यातलं.) पण होमर आणि ॲरिस्टॉटल यांच्यावरून लूकचा (परंपरेने 'प्रेषितांची कृत्ये'चा लेखकही तोच) अर्थ ठरवू नये, हे बरोबरच.

म्हणून साक्षीदार पहिल्या शतकातलाच घेऊ. जोसिफस. ज्यू, ग्रीकमध्ये लिहिणारा, इसवी सन ७० मध्ये यरुशलेमचं मंदिर रोमनांनी जाळलं त्या युद्धाचा इतिहासकार. मंदिराचा नाश आधीच सुचवणाऱ्या घटनांची तो यादी देतो आणि त्यांना 'तेराता' म्हणतो. नगरावर तलवारीसारखा तारा उभा राहिला. मंदिराच्या आवारात गाईला कोकरू झालं. आतल्या अंगणाचं पूर्वेकडचं दार पितळेचं, लावायला वीस माणसं लागायची, ते मध्यरात्री आपोआप उघडलं. यापुढचं त्याचं वाक्य माझ्या मते 'तेरास' या शब्दावरचं सगळ्यात चांगलं भाष्य आहे. साध्या लोकांना वाटलं, देवाने आपल्यासाठी कल्याणाचं दार उघडलं. जाणत्यांना वाटलं, मंदिराचं संरक्षण सुटलं, शत्रूसाठी दार उघडलं. दार उघडलं यावर दोघांचं दुमत नव्हतं. भांडण 'म्हणजे काय?' याचं होतं. नव्या करारातलं वातावरण हेच आहे. यरुशलेमहून आलेले शास्त्री येशूविषयी 'याने भुतं काढलीच नाहीत' असं म्हणत नाहीत. ते म्हणतात, भुतांचा अधिपती बालजबूल याच्या साहाय्याने काढतो. योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाला दिसू लागतं तेव्हा रीतसर चौकशी होते, आईबापांना बोलावून 'हा तुमचाच मुलगा का, जन्मापासून आंधळा होता का' असं विचारलं जातं, आणि खरी फूट पडते ती त्या कृत्याच्या अर्थावरून: शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, मोडणारा माणूस देवाकडचा कसा?

दुसरा आक्षेप याहून कडक आहे, आणि सभेत एका तरुण कार्यकर्तीने तो जवळजवळ मांडलाही होता, फक्त तिला कुणी पुरतं बोलू दिलं नाही. तो असा: तुम्ही भाषाशास्त्राच्या आड लपताय. लिहिणाऱ्यांना पाण्याचा द्राक्षारस झाला असंच म्हणायचं होतं. ते अशक्य आहे, हे कबूल करायचं नाही म्हणून शब्दांची कसरत. मी यातला निम्मा भाग बिनशर्त मान्य करतो. त्या माणसांना अशक्य म्हणजे काय ते कळत होतं. तोच बरा झालेला आंधळा म्हणतो, जन्मांधाचे डोळे कुणी उघडल्याचं जगाच्या आरंभापासून ऐकिवात नाही. त्यांना आपण भोळसट समजू नये. आणि 'हे घडलं का?' हा प्रश्न वैध आहे. तो इतिहासाचा प्रश्न आहे, त्याला इतिहासाच्या कसोट्या लावाव्यात, आणि माझ्या लेखाने तो सुटत नाही. पण दावा खरा की खोटा हे ठरवण्याआधी दावा काय होता ते तरी समजून घ्यायला नको का? सतराव्या-अठराव्या शतकात विश्व हे अटळ नियमांनी बांधलेलं यंत्र आहे ही कल्पना युरोपात रुजली, आणि १७४८ मध्ये डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञाने चमत्काराची व्याख्या 'निसर्गनियमांचं उल्लंघन' अशी केली. त्या व्याख्येवर त्याचा युक्तिवाद धारदार आहे. पण व्याख्या त्याची आहे, लूकची नाही. ऑगस्टीन या ख्रिस्ती धर्मपंडिताने पाचव्या शतकात याच्या अगदी उलट लिहून ठेवलं होतं, की अद्भुत हे निसर्गाविरुद्ध नसतं, निसर्गाविषयी आपल्याला जे माहीत आहे त्याविरुद्ध असतं. गंमत अशी, की ह्यूमला उत्तर देण्याच्या नादात त्याच्या विरोधकांनीही त्याचीच व्याख्या उचलली. प्रतिस्पर्ध्याचं माप वापरून कापड मोजायला बसलं, की हरल्यावर माप खोटं आहे असं म्हणता येत नाही.

फसवणुकीचा प्रश्न मी वेगळा ठेवतो. रोग बरा करतो म्हणून पैसे उकळणाऱ्यावर कारवाई व्हायलाच हवी. महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा तथाकथित चमत्कार दाखवून कमाई करण्याला आणि लोकांना फसवण्याला हात घालतो, ते योग्यच आहे, आणि तो येण्याआधी नरेंद्र दाभोलकरांना जीव गमवावा लागला हे विसरण्यासारखं नाही. मला उलट असं वाटतं, की प्रार्थनासभेच्या फलकाविरुद्ध सगळ्यात जहाल हत्यार बायबलातच पडलेलं आहे आणि कार्यकर्ते ते उचलत नाहीत. 'अद्भुत खोटा संदेष्टाही करतो, मग तुमचं हे कशाचं चिन्ह?' असं त्या उपदेशकांना कुणी विचारलं असतं, तर त्यांना भौतिकशास्त्राच्या नव्हे, त्यांच्याच शास्त्राच्या कचेरीत उभं राहावं लागलं असतं.

आता मराठीकडे, कारण हा घोळ आपल्याकडे 'चमत्कार' या एका शब्दाने वाढवला आहे. इंग्रजीत असंच झालं होतं. बायबलच्या १६११ च्या अनुवादात कानागावच्या लग्नात पाण्याचा द्राक्षारस झाला त्या 'चिन्हा'ला 'मिरॅकल' केलं गेलं आणि ते दुरुस्त व्हायला १८८१ उजाडलं. मराठी 'पवित्र शास्त्रा'त, म्हणजे मराठी बायबलात, मात्र 'चिन्हे व अद्भुते' अशी जोडी आहे, आणि ती मूळ ग्रीकशी विलक्षण इमानी आहे. वैदिक शब्दांचा प्राचीन अर्थकार यास्क याने 'अद्भुत'ची फोड 'अभूतमिव', जणू कधी न झालेलं, अशी केली. वेदवाङ्मयात अपशकुन आणि उत्पात यांच्या शांतीविषयीच्या एका भागाला 'अद्भुतब्राह्मण' असंच नाव आहे. उत्पात म्हणजे काय, तर प्राचीन ज्योतिषी वराहमिहिर म्हणतो, प्रकृतीहून वेगळं झालेलं ते: 'प्रकृतेरन्यत्वमुत्पातः'. ॲरिस्टॉटलच्या शेजारी हे वाक्य ठेवून बघा. त्यातही आकाशातले आणि पृथ्वीवरचे उत्पात वेगळे करण्याची पद्धत होती, पेत्राच्या भाषणात आहे तशीच. गीतेत अर्जुनाला दिसलेलं विश्वरूप एकाच दमात 'अद्भुत' आणि 'उग्र' आहे, आणि ते पाहून तिन्ही लोक व्यथित झाले आहेत. भीती आणि विस्मय एकाच शब्दात नांदतात तो हा शब्द. अनुवादकांनी हे सगळं मनात धरून निवड केली असं मी म्हणत नाही. भाषा कधीकधी अनुवादकाच्या नकळत त्याला योग्य वस्तू हातात देते.

'चमत्कार'चं तसं नाही. मूळचा तो काव्यशास्त्रातला देखणा शब्द. विश्वनाथ या काव्यशास्त्रकाराने त्याला चित्ताचा विस्तार म्हटलं आहे, विस्मयाचं दुसरं नाव. पण मराठीत तो लवकरच बाजारात उतरला. 'दाऊं नेणें जडीबुटी । चमत्कार उठाउठी', असं तुकोबा म्हणतात तेव्हा सतराव्या शतकातच तो जडीबुटीच्या पंगतीला बसलेला दिसतो: झटपट दाखवायची, लोकांना भुलवायची वस्तू. तेव्हा 'चमत्कार'चा हा अर्थ आपल्यावर इंग्रजांनी लादला, असं म्हणण्याची सोय मला नाही. शब्द आपणच बिघडवला. पण बिघडलेलाच शब्द 'तेरास'च्या जागी का बसवायचा?

सोपं हवं म्हणून, असं उत्तर मिळतं. सोपेपणाच्या आग्रहाला मी कमी लेखत नाही. पंडिता रमाबाईंनी केडगावला हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध बायबल मराठीत आणलं, ते साध्या, अल्पशिक्षित माणसांना वाचता यावं म्हणून. त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये ते छापून निघालं. पण सोपं करणं आणि सपाट करणं यात फरक आहे. 'अद्भुत' आज जाहिरातींत झिजलाय, हेही खरं. अद्भुत चव, अद्भुत सवलत. तरी त्याला 'चिन्हे' या जोडीदाराचा आधार आहे. 'चिन्हे व अद्भुते' वाचणारा एक क्षण अडखळतो, कसलं चिन्ह, असं विचारतो. 'चमत्कार' वाचणारा अडखळत नाही. तो लगेच बाजू घेतो.

यहेज्केलच्या पुस्तकात चोविसाव्या अध्यायात एक तेरास आहे. बाबेलच्या राजाने यरुशलेमला वेढा घातला, त्या दिवसांतलं. परमेश्वर संदेष्ट्याला सांगतो, तुझ्या डोळ्यांना प्रिय ते मी एका घावासरशी काढून घेईन. रडू नकोस. फेटा बांध, पायांत वहाणा घाल, ओठ झाकू नकोस, लोकांनी आणलेलं दुखवट्याचं अन्न खाऊ नकोस. सकाळी तो लोकांशी बोलला, संध्याकाळी त्याची बायको गेली. दुसऱ्या दिवशी तो फेटा बांधून, वहाणा घालून बाहेर पडला. आकाश फाटलं नाही, पाण्याचा रंग बदलला नाही. एक बाई मेली होती आणि तिचा नवरा रडत नव्हता. लोक जमले आणि त्याला म्हणाले, तू हे जे करतोस त्याचा आमच्याशी काय संबंध, ते आम्हांला सांगणार नाहीस का?